मधली पात

आमच्याकडे धानाच्या रोवणीला, म्हणजे लावणीला, बाया बांधीत, पाणी भरलेल्या खाचरात, ओळीने उतरतात तेव्हा सगळ्यांत हळू हाताची बाई मधे घेतात. कडेला तरण्या, चपळ बाया. मधे जिचे गुडघे गेलेत, जिला दिवस गेलेत, जिचा ताप कालच उतरलाय ती. मागे सरकत सरकत चिखलात पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, रोवायचे, प्रत्येकीने आपल्या समोरची पट्टी, म्हणजे पात, धरायची. मधलीची पात रेंगाळू लागली की डावी-उजवीकडच्या दोघी आपले हात थोडे लांबवतात. चार रोपं ही लावते, चार ती. ओळ सरळ राहते. धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, छत्री घेऊन उभ्या असलेल्या मालकाला तेवढी सरळ ओळ दिसते.

हे मी लहानपणापासून पाहिलं होतं. सुट्टीत त्या ओळीत उभीही राहिले होते. पण पाहिलेलं मला कळलं नाही, कारण मधे बाबांची पेटी होती.

बाबांची पत्र्याची पेटी पत्रकांनी आणि पातळ पुस्तिकांनी भरलेली असे. मोर्चाला, सभेला, मेळाव्याला गेले की ते परत येताना खाऊ आणत नसत, कागद आणत. लाल शाईचे, स्वस्त, बोटांना रंग लागणारे. मी अक्षरं त्यांवरच गिरवली. ‘मालक’ हा शब्द मी बाराखडीबरोबर शिकले, आणि शिवी म्हणूनच शिकले. सातवीत असताना मी शाळेतल्या निबंधात लिहिलं होतं की जगात दोनच जाती आहेत, हुकूम देणारी आणि घेणारी. गुरुजींनी खाली ‘अक्षर सुधारावे’ एवढंच लिहिलं.

आमची दिघोरीकडची दीड एकर धानाची जमीन दोन दिवसांत आटपे. मग आई इतर बायांबरोबर रोजीने रोवणीला जायची. त्या ओळीत मधली जागा मोठी मायची होती. मोठी माय म्हणजे बाबांच्या चुलतभावाची बायको. नवरा लवकर गेला, एकच मुलगी, ती शहापूरला दिलेली. जमीन नाही. रोवणीचा महिना-सव्वा महिना आणि पुढे धानाची कापणी, यावर तिचं वर्ष निघायचं. साठी उलटली होती, उजवा गुडघा सुजलेला असायचा. पण गाणं तिचं. ती एक ओळ टाकायची, बाकीच्या पुढची ओळ उचलायच्या, आणि त्या लयीत सगळ्यांचे हात चालायचे.

मालक ओरडायचा, “हात चालवा व बाया, गाणं घरी म्हणा.”

मोठी माय मान वर न करता म्हणायची, “गाणं बंद केलं तं हातही बंद होते जी. एकाच दोरीले बांधले आहेत दोन्ही.”

बाया हसायच्या. मालक खाकरायचा आणि दुसऱ्या धुऱ्यावर जायचा. मला मात्र राग यायचा. मला वाटे, या बाया हसून अपमान गिळतात.

बीए झाले त्या उन्हाळ्यात मी पहिलं पत्रक लिहिलं. बाहेरच्या टोळ्या आमच्या भागात हुंड्यावर रोवणी करू लागल्या होत्या. हुंडा म्हणजे दिवसाचा हिशोब नाही. अमुक बांध्यांचं अमुक ठरवायचं, मग तुम्ही सकाळी या की दुपारी, कोणी विचारणार नाही. मला त्यात मुक्ती दिसली. धुऱ्यावर माणूस नाही, घड्याळ नाही, हुकूम नाही. ‘आपल्या हातांचे मालक आपण’ असं मथळ्यात लिहून मी लाखांदूरहून त्याच्या झेरॉक्स काढून आणल्या आणि आमच्या अंगणात बायांना बोलावून वाचून दाखवलं.

शेजारची वहिनी गटात सगळ्यांत चपळ. तिने विचारलं, “म्हणजे लवकर आटपलं तं लवकर घरी?”

“हो. नाहीतर दुसरी बांधी घ्या. तुमचं तुम्ही ठरवा.”

आई भाजी निवडत होती. ती म्हणाली, “अन् पाठ धरली तं?”

“तर थांबा. कोण अडवणार आहे?”

“रोजीत मालक सांगते थांबू नका, अन् आमी थांबतो. आता सांगणाराच नाही, तं थांबन कोण?”

सगळ्या हसल्या. मीही हसले. आई कोड्यात बोलते असं मला वाटलं. ती अगदी साधं बोलत होती.

मोठी माय म्हणाली, “पोरगी शिकली आहे व. वाईट कायले सांगन?” आणि सगळ्यांत आधी तिने होकार दिला.

मी नियम केला: सगळ्यांना समान वाटा. कमी नाही, जास्त नाही. पत्रकांनी मला शिकवलेली सगळ्यांत पवित्र गोष्ट तीच होती.

पहिल्या हंगामात मी वही घेऊन धुऱ्यावर उभी असायची. बांध्या मोजून घेणं, शेतकऱ्याशी बोलणी करणं माझ्याकडे होतं. छत्रीही होती. ती जागा आधी कोणाची होती, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही.

चार दिवस गाणं झालं. पाचव्या दिवशी वहिनी म्हणाली, “मोठी माय, गाणं राहू द्या आता. तीन बांध्या बाकी आहेत.” ती रागाने नाही म्हणाली. मोठी मायने ओळ अर्ध्यावर सोडली. आणि मी वरून पाहिलं की हात खरंच वेगाने चालू लागले. गाण्याने आजवर हात चालवले नव्हते, आवरले होते. ज्या संपाची वर्णनं मी पत्रकांत वाचून रोमांचित व्हायची तो संप या बाया दर पावसाळ्यात मालकाच्या तोंडावर गाऊन दाखवत होत्या, आणि मी तो मोडला होता. पण हे आज लिहिते आहे. त्या दिवशी मी वहीत लिहिलं, ‘कामाचा वेग वाढला.’

आठवड्याभरात लांबणारे हातही आखडले. कोणी ठरवलं नव्हतं. ज्या बाईला लवकर दुसऱ्या बांधीत उतरायचं असतं तिची नजर आपल्याच पातीवर राहते. एका दुपारी सगळ्या बाया मागच्या धुऱ्याला टेकल्या, पाठी सरळ करून उभ्या राहिल्या, आणि हिरव्या बांधीच्या मधोमध मोठी मायच्या पातीचा मोकळा चिखल उरला होता. लांबट, एका माणसाच्या रुंदीचा. त्याच्या टोकाला ती एकटी वाकलेली.  आई परत आत उतरली आणि तिने ती पात भरून काढली. 

दुसऱ्या हंगामात व्हायचं ते झालं. दुपारी मोहाच्या झाडाखाली डबे उघडले होते. वहिनीने विषय काढला. “मोठी मायले अर्धा वाटा देऊ. पऱ्ह्यांच्या पेंड्या फेकन, उरलेसुरले कोपरे भरन. आमी नको नाही म्हणत. पण पुरा वाटा कसा द्यावं, तूच सांग.”

मोठी माय भात कालवत होती. ती म्हणाली, “अर्धा तं…”

पुढचं मी बोलू दिलं नाही. मी उभी राहिले. अर्धा वाटा म्हणजे अर्धा माणूस, असं काहीतरी बोलले. ज्या दिवशी आपण म्हाताऱ्या बाईची किंमत निम्मी करू त्या दिवशी आपल्यात आणि त्या छत्रीवाल्यात फरक उरणार नाही, असंही बोलले. एक तर पुरा वाटा, नाहीतर हा गट मोडा. भाषण चांगलं झालं. मला माझ्याच आवाजाने शहारा आला होता, हे कबूल केलं पाहिजे.

वहिनी बोट चाटत म्हणाली, “मंग तू उतर ना बाई खाली. तिची आर्धी पात तू धर, पुरा वाटा आमी देतो.”

दोघी-तिघी हसल्या. मी उतरले नाही. दुसऱ्या दिवशी मला नागपूरला जायचं होतं. नोकरीच्या मुलाखतीला.

मी नागपुरात पोचले त्या सकाळी मोठी माय ओळीत आली नाही. आईने फोनवर सांगितलं. बोलवायला गेली तर ती म्हणाली होती, “माह्यापायी भांडण नको. पुरा वाटा घेऊन कोणाच्या डोळ्यात कायले खुपू? अन् अर्धा घेतला तं पोरीचं नाक कापल्यासारखं होते.” ती माझं नाक सांभाळत होती.

परत रोजीला जावं, तर गावात रोजीने रोवणी करून घेणारा उरला नव्हता. शेतकऱ्यांनाही हुंडा बरा पडला. दिवसभर धुऱ्यावर उभं राहणं वाचलं. ज्या दाराने मी बायांना बाहेर काढलं ते आमच्या पाठीमागे लागून गेलं.

मला नोकरी मिळाली. एका छापखान्यात मुद्रितं तपासते. डोक्यावर मालक आहे, हजेरी आहे, उशीर झाला तर बोलणी आहेत. पहिल्या वर्षी टायफॉइड झाला, अठरा दिवस पडून होते. परत आले तेव्हा वाटलं, कामाचा डोंगर असेल. टेबल रिकामं होतं. डावीकडच्या ताईंनी आणि उजवीकडच्या दादांनी माझे गठ्ठे थोडे थोडे वाटून घेतले होते. मालकाला वेळेवर गेलेलं काम तेवढं दिसलं. पगार पूर्ण आला. मी स्वच्छतागृहात जाऊन रडले. लोकांना वाटलं, अशक्तपणा आहे.

मालक चांगला असतो असं मी म्हणत नाही. नाही म्हणणार. माझ्या आईची पाठ ज्यांच्या धानापायी वाकली त्यांना मी विसरलेले नाही. पण मालकाच्या समोर त्या बाया एकमेकींच्या होत्या. मालक गेल्यावर प्रत्येकीने थोडा थोडा मालक आपल्या अंगात घेतला, आणि मी त्याला स्वातंत्र्य म्हटलं. स्वतःचा धंदा आणि दुसऱ्याची नोकरी यांत काय बरं, असं ओळखीतल्या कॉलेजच्या मुली मला कधी कधी विचारतात. पूर्वी माझं उत्तर तयार असे. आता मी विचारते, तुझा हात अडला तर बाजूची तिचा हात लांबवेल का, ते आधी पाहा.

यंदा रोवणीत चार दिवस गावी गेले. सकाळी आखरावर, गावाबाहेरच्या गुरांच्या मैदानात, पिकअप उभी होती. बाया कोंढा गावाकडे हुंड्यावर निघाल्या होत्या. वहिनी वरून ओरडली, “काय व साहेबीण, चालतं का? जागा आहे.” मग जरा खाली वाकून म्हणाली, “तुया कागदानं माह्या घरावर टिना चढल्या, बरं का. पोरगी नर्सिंगले आहे.” ती मनापासून बोलत होती. हेही खरं आहे, आणि हे मी कुठल्या पारड्यात टाकू ते मला कळत नाही. गाडी निघाली. आई त्यात नव्हती. मागच्या वर्षीपासून तीही जात नाही. तिची पाठ गेली. तिला कोणी मधे घेतलं नाही.

मोठी माय ओट्यावर लाखोळीची डाळ निवडत होती. दोन बकऱ्या बांधलेल्या. मी शेजारी बसले. काय बोलावं ते मी रस्ताभर जुळवलं होतं, त्यातलं एकही वाक्य आलं नाही. फक्त म्हणाले, “मोठी माय, माझं चुकलं.”

“कायचं?”

“त्या दिवशी तू अर्धा म्हणत होतीस.”

ती हसली. “म्हणत होती ना. अर्ध्या वाट्याचं काही नव्हतं व. ओळीत रायले भेटलं असतं. मालक होता तवा त्याले मनातल्या मनात शिव्या तं देता येत होत्या. आता घरी बसून कोणाले देऊ? वहिनीले देऊ का तुले देऊ?”

“मला दे.”

“तुले कायले. तू तं भल्याचंच सांगितलं.”

मी वही काढली. म्हणाले, गाणी तरी लिहून घेते, तुझ्याबरोबर जायला नकोत. तिने डाळीचं सूप बाजूला ठेवलं. डोळे मिटले. ओठ हलले, आवाज आला नाही.

“बसून येत नाही,” ती म्हणाली.

मग ती उठली, गुडघ्यावर हात देत अंगणात उतरली आणि कोरड्या जमिनीकडे वाकली. उजवा हात रोप धरल्यासारखा खाली गेला, वर आला. तिसऱ्या खेपेला ओळ आली. पातळ आवाजात, पण सुरात. मी ती लिहून घेतली आणि थांबले. ती वाकलेलीच होती, कान देऊन. पुढची ओळ बाजूच्या बाया उचलायच्या. ती मला येत नव्हती. मी ओळीत असताना नुसते ओठ हलवायची.

थोड्या वेळाने ती सरळ झाली.

“माह्याकडे अर्धंच आहे,” ती म्हणाली. “चालन का अर्धं?”

“चालेल,” मी म्हणाले.