बंद केलेली एक सर्व्हिस

आमचे आबा तोफखान्यात हवालदार होते. निवृत्त होऊन पाटणला आले तेव्हाच त्यांना कमी ऐकू येत होतं, आणि पुढच्या काही वर्षांत दोन्ही कान पुरते गेले. यंत्र लावून पाहिलं, पण नुसता गोंगाट ऐकू येतो म्हणून त्यांनी ते काढून ठेवलं. त्यामुळे फोन हा आईचाच. तोही साधा, बटणांचा.

माझा धाकटा भाऊ सैन्यात आहे. त्याची बदली उंचावरच्या एका ठाण्यावर झाली, तेव्हा जाण्याआधी त्याने घरातल्या जुन्या कॉम्प्युटरवर मित्राकडून एक छोटा प्रोग्राम बसवून घेतला. आठवड्यातून एक-दोनदा खाली उतरल्यावर रेंज मिळाली की तो मोबाईलमधून फोटो टाकायचा आणि ते आपोआप घरच्या कॉम्प्युटरवर येऊन पडायचे. व्हिडिओ कॉल चालेल एवढी रेंज तिथे नव्हती. ठाण्याचं काही दिसणार नाही असेच ते फोटो असायचे. त्याचा चेहरा, जेवणाची थाळी, एकदा तर नुसते फुटलेले ओठ. सकाळचा चहा झाला की आबा मशीन सुरू करून समोर बसायचे. आई त्याच्याशी फोनवर बोलायची, आबा त्याला बघायचे. घरात अशी वाटणीच झाली होती.

मी सांगलीला एका कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये शिकवते. दिवाळीला घरी गेले तेव्हा आबा म्हणाले, "मशीन लय दमतंय गं. सुरू व्हायला चहा निवस्तवर वेळ लागतोय."

मी बसले. बॅकग्राउंडला चालणाऱ्या सर्व्हिसेसची, म्हणजे न दिसता चालणाऱ्या प्रोग्रामांची, यादी उघडली. घरात प्रिंटर नाही, तरी प्रिंटरची सर्व्हिस चालू. फॅक्सची चालू. ब्लूटूथची, गेमची, कुठल्या कुठल्या कंपन्यांच्या अपडेटची. एकेक थांबवत, डिसेबल करत गेले. मध्येच एक अनोळखी नाव आलं. पुढे माहितीचा रकाना रिकामा होता. लॅबमध्ये मी मुलांना बजावून सांगते, की जी सर्व्हिस कशाची आहे ते कळत नाही तिला हात लावायचा नाही, आणि जे बदलाल ते वहीत लिहून ठेवायचं. त्या दिवशी मी दोन्ही पाळलं नाही, तीही डिसेबल करून टाकली. भावाच्या प्रोग्रामचं मला ठाऊक होतं, पण तो असा सर्व्हिस म्हणून चालतो हे डोक्यातही आलं नाही. मशीन झटकन सुरू व्हायला लागलं. आबा खूश झाले. मी सांगलीला परतले.

तीन आठवड्यांनी एका दुपारी लॅबमध्येच फोन आला. साताऱ्याच्या माजी सैनिकांच्या कचेरीतून बोलतोय, असं एक गृहस्थ म्हणाले.

"ताई, तुमचे वडील सकाळपासून इथं बसलेत. मुलाचं काय झालं ते खरं सांगा म्हणतात. आम्ही लिहून दिलं, की तशी काही खबर नाही. तरी उठत नाहीत."

मी आधी आईला फोन लावला. ती रडतच बोलली. "पोरगा परवाच बोललाय माझ्यासंगं. चांगला हाय. ह्यांला किती खुणा करून सांगितलं, तर म्हनत्यात, तू बी लपवणाऱ्यांतलीच. धड जेवत न्हाईत. आज न सांगताच घर सोडलं बघ."

मिळेल त्या एसटीने सातारा गाठलं. आबा कचेरीच्या बाकावर ताठ बसले होते. मांडीवर त्यांची सर्व्हिसची कागदपत्रं असलेली फाईल. कऱ्हाडला गाडी बदलून, एक अक्षर ऐकू येत नसताना, ते एकटे इथवर आले होते. मी शेजारी बसले आणि फाईलच्या पाठीवर लिहिलं, 'तो बरा आहे. आईशी बोललाय.'

त्यांनी ते वाचलं आणि पेन माझ्या हातातून काढून घेतलं.

"असलं लिवायला मला बी येतं," ते म्हणाले. ऐकू येत नसल्याने त्यांचा आवाज मोठा यायचा. कचेरीतली माणसं वळून बघायला लागली. "आमच्या तोफेवर फलटणकडचा एक गडी होता. गेला. लगेच कळवू नका, आई आजारी हाय, असं त्याच्या थोरल्या भावानं सांगितलं. तवा तिला पत्र मी लिवलं. जखमी हाय, हात बांधलाय म्हनून दुसरा लिवतोय, बरा हुईल. त्याची आई महिनाभर त्या पत्रावर जगली. मला नका शिकवू."

हे त्यांनी आईलाही कधी सांगितलं नव्हतं. मी पेन मागून घेतलं आणि लिहिलं, 'तुम्हाला शंका कधीपासून आली?'

"फोटू यायचे बंद झाले तवापासनं. तू दिवाळी करून गेलीस, त्या दिसापासनं एक बी न्हाई."

तो रिकामा रकाना डोळ्यांपुढे आला. 'घरी चला, मशीन बघू,' एवढं लिहिल्यावर ते उठले.

बसमध्ये आम्ही शेजारी बसलो, पण माझी शंका मी लिहिली नाही. चुकून दुसरंच काही कारण निघालं तर, ही भीती होती. घरी पोचल्यावर चपलासुद्धा न काढता मशीन सुरू केलं. यादीत ते नाव शोधलं, डिसेबल्ड होतं ते ऑटोमॅटिक केलं आणि स्टार्टवर क्लिक केलं. थोडा वेळ काहीच झालं नाही. आई दारात पदर तोंडाला लावून उभी होती. मग पहिला फोटो आला. मग दुसरा. भाऊ लोकरी टोपीत, भाऊ दाढी वाढलेला, भाऊ वाफाळता मग धरून. प्रत्येक फोटोखाली तारीख होती. आबांनी चष्मा पुसला आणि एकेक तारीख बोट लावून वाचली. शेवटची दोन दिवसांपूर्वीची होती.

ते खुर्चीत मागे टेकले.

मी कागद घेतला आणि सगळं लिहिलं. 'मीच बंद केलं होतं. काय आहे ते न बघता. माझी चूक झाली, आबा.'

त्यांनी कागद दोनदा वाचला. ओरडतील असं वाटलं. त्यांनी ओरडावं असंही वाटलं. पण ते प्रथमच हळू बोलले, इतकं हळू की मला पुढे वाकावं लागलं.

"तुला ठावं नव्हतं," ते म्हणाले. "मला ठावं होतं, तरी बी मी ते पत्र लिवलं."

मी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून बसून राहिले. आईने भाकरीला तवा ठेवला.