बोलणं किती रुंद असावं

माझा आवाज मोठा आहे, हे मला कुणी सांगितलं नाही असं नाही. झरीला माझं पाण्याच्या मोटारी भरायचं, म्हणजे जळालेल्या मोटारीत नवी तार गुंडाळायचं दुकान. दिवसभर मशीनची घरघर, आणि समोर उभं राहून "आजच्या आज पायजे" म्हणणारं गिऱ्हाईक. तिथं हळू बोलून भागत नाही. "तोंड हाय का भोंगा?" असं बायको रोज विचारते आणि मी तेवढ्याच आवाजात म्हणतो, "काय म्हणलीस?"

हॅम रेडिओचा नाद मला गावातल्या तारमास्तरांनी लावला. सरकारची परीक्षा द्यायची, परवाना घ्यायचा आणि घरच्या सेटवरून जगाशी बोलायचं. मधे कंपनी नाही, रिचार्ज नाही. मास्तर तार खात्यातून रिटायर झालेले. त्यांनी मला मोर्सची, म्हणजे टिंब-रेघांच्या तारभाषेची, कट्ट-कडकट्ट शिकवली. मी तेव्हा दोन लेकरांचा बाप होतो, तरी चुकलं की बोटांवर फुटपट्टी बसायची.

मग मास्तरांच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. तेव्हापासून ते पाटीवर लिहून बोलतात. मुलगा-सून लय चांगले, पण पाटी वाचायला माणसाला हातातलं काम टाकून उभं राहावं लागतं. कामाच्या घरात कोण किती वेळा उभं राहणार? मास्तरांनी हळूहळू लिहिणंच कमी केलं. राहिली ती फक्त सकाळची सातची वेळ. केरळात त्यांचा एक मित्र आहे, तोही जुना तारवाला. सात ते साडेसात दोघं मोर्सवर बोलतात. तिथं घसा लागत नाही. त्या अर्ध्या तासात मास्तर मुके नसतात, हे मी डोळ्यांनी बघितलंय. गालात हसत, बोट नाचवत बसलेले असतात.

गेल्या हिवाळ्यात आमच्या भागातल्या हॅम लोकांत भांडण पेटलं. रेडिओची पट्टी म्हणजे शेताचा सामाईक रस्ता समजा. मोर्सचा सिग्नल त्यावर सुतळीएवढी जागा घेतो. बोलण्याला त्याहून कितीतरी रुंद जागा लागते. आणि आता संगणकावरून मजकूर पाठवणारे डेटावाले आलेत, त्यांचे काही सिग्नल अरुंद, काही भलते रुंद. कुणाला कुठं किती जागा, यावर सगळ्यांनी मिळून सरकारला अर्ज द्यायचं ठरलं.

माझं मत साफ होतं. मोर्सच्या पट्टीच्या आसपास डेटावाला दिसला की हाकला!

विरोधात उभ्या राहिल्या पिंगळीच्या एक बाई. परभणीला कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवतात, बोलायला एकदम शांत. सगळे ऐकत असताना हवेवर, म्हणजे रेडिओवरच, म्हणाल्या, "काका, सिग्नलची जात कशाला विचारायलाव? तो किती जागा अडवायलाय तेवढं मोजा. डेटा असो, मोर्स असो, बोलणं असो, सगळ्यांना एकच माप."

"म्हंजे माझा आवाज बी मोजणार का?"

"मोजावाच लागल की."

"माझा आवाज मोजणाऱ्या तुमी कोण?" मी असा भडकलो की माईक तोंडात जायचा राहिला. तेव्हापासून सकाळी दुकान उघडायच्या आधी हवेवर माझं हेच भांडण.

त्याच दिवसांत मास्तरांच्या सातच्या वेळेला नजर लागली. त्यांनी पाटीवर लिहून दाखवलं: "खर्रर्र. थांबतं. पुन्हा खर्रर्र. मित्र ऐकू येत नाही." मी म्हणालो, हे डेटावालेच! त्यांचंच असं असतं, थोडा मजकूर सोडला की थांबतात, पुन्हा सोडतात. दुसऱ्या दिवशी चोर पकडायला मी सातला मास्तरांकडं जाऊन बसलो. पट्टी एकदम स्वच्छ. केरळचा मित्र घुंगरासारखा वाजत होता. त्याच्या पुढच्या दिवशी मी घरी, तर मास्तरांकडं पुन्हा खर्रर्र. दोन दिवसांनी पुन्हा जाऊन बसलो, पुन्हा सगळं साफ. मास्तरांनी लिहिलं, "तू आलास की चोर पळतो." खोटं कशाला बोलू, मी फुगलो. मला वाटलं, धाक हाय आपला!

मग काय, मी रोज सातच्या ठोक्याला सेट लावून हवेवर डेटावाल्यांचा उद्धार करायला लागलो. माझा अॅम्प्लिफायर मी स्वतःच्या हातानं बनवलेला, सगळ्या मुलखात आवाज पोचतो. "तुमच्यापायी एका माणसाचं बोलणं बंद पडलंय, लाजा वाटत न्हाईत का?" असं रोज अर्धा तास चालायचं. तीन आठवडे.

एका संध्याकाळी मास्तरांनी पाटी माझ्या हातात दिली. "सेट घेऊन जा. दोघं म्हातारे रोज 'पुन्हा सांग, पुन्हा सांग' करतो. त्यालाही त्रास. रविवारनंतर बंद."

मास्तरांकडून हे गेलं तर मागं काय राहणार? घरी येऊन मी त्या बाईंना फोन लावला आणि तोंडाला येईल ते बोललो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "काका, कोणत्या दिवशी मास्तरांकडं खरखर न्हवती?"

मी दिवस सांगितले.

"त्या दिवशी सातला तुमी हवेवर होताव का?"

"कसा असन? मी मास्तरांकडं बसलेलो ना!"

एवढं बोलूनही माझ्या टाळक्यात उजेड पडला नाही. अक्कल चरायला गेली होती.

रविवारी सकाळी बाई स्कूटीवर झरीला आल्या. लॅपटॉप आणि छोटा रिसीव्हर घेऊन मास्तरांकडं बसल्या, आणि मला म्हणाल्या, "तुमी घरी जा. रोजच्यासारखं बोला. मला शिव्या बी द्या." मी सातला बोललो, मनापासून बोललो, आणि मग रुबाबात मास्तरांकडं गेलो.

बाईंनी फोनवर घेतलेलं चित्रण दाखवलं. पडद्यावर बाकीच्यांचा सिग्नल बोटभर रुंद. माझा हातभर! मी श्वास घेतला की पडदा साफ, तोंड उघडलं की माझी खरखर दोन्ही बाजूंनी सांडत थेट केरळहून येणाऱ्या मोर्सच्या बारीक रेघेवर. त्यांच्या पिंगळीच्या घरूनही असंच दिसत होतं, पण नुसतं सांगून मी मानणार नाही म्हणून त्या इथवर आल्या होत्या.

"तुमचं मशीन खराब हाय," मी म्हणालो. खरंच म्हणालो. मग मास्तरांकडं बघितलं आणि टाळक्यात उजेड पडला. माईकचं बटण शेवटपर्यंत पिळलेलं, वरून माझं ओरडणं. अॅम्प्लिफायरला झेपलं नाही की आवाज फाटतो आणि शेजाऱ्याच्या जागेत पसरतो. हे मी नव्या पोरांना शिकवतो. लोड जास्त झाला म्हणून लोकांच्या मोटारी जळतात, तेव्हा मी त्यांना चार गोष्टी सुनावतो. आणि मास्तरांचं बोलणं मीच तीन आठवडे दाबून धरलं होतं. जमीन दुभंगावी असं झालं.

मास्तरांनी पाटीवर मोठ्या अक्षरात लिहिलं, "गाढवा." मग ते पुसून लिहिलं, "उद्या सेट लावतो."

सोमवारी मी अॅम्प्लिफायर काढून ठेवला, माईकचं बटण पार खाली आणलं आणि बरोबर सातला बोललो. मास्तरांचा मित्र बोलत असतानाच बोलायचं होतं, नाहीतर खरखर गेली का ते कळणार कसं? म्हणालो, "दोस्तहो, खरखर डेटावाल्यांची न्हाई, माझी होती. अर्जात बाईंचं म्हणणं घाला, सगळ्यांना एकच माप. पहिली सही माझी." इतकं हळू बोललो की बायको पिठाच्या हातानं धावत आली. "बरं न्हाई का तुमाला?"

सेट बंद करून मी मास्तरांच्या घराकडं अक्षरशः पळालो. दाराशीच ऐकू आलं, कट्ट-कडकट्ट, स्वच्छ. मी उंबऱ्यावर बसून ऐकायला लागलो. त्यांचं इंग्रजीत चालतं, पण मला सगळं कळतं. मित्र विचारत होता, आज खरखर कशी नाही? काय होती ती?

मास्तरांनी वळून माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली, म्हणजे, सांगा, माझं नाव सांगा. मग ते मोर्सच्या बटणाकडं वळले.

"ते जाऊ दे," मास्तरांनी वाजवलं. "तीन आठवड्यांचं बोलायचं साचलंय. आधी सांग, तुझा गुडघा कसा आहे?"

मी तिथंच उंबऱ्यावर ढसाढसा रडलो. आत साडेआठ वाजून गेले, सुनेनं ठेवलेला चहा गार झाला, तरी दोघं म्हातारे काही थांबेनात.