खंडेनवमीचं हेलिकॉप्टर

मोठं हेलिकॉप्टर घ्यायचं मी ठरवलं तेव्हा घरात पहिलं वाक्य पडलं ते असं: "म्हातारचळ लागलाय का तुला?"

बोलणारे आमचे मालक. आमच्याकडं नवऱ्याला मालक म्हणतात, आणि आमच्या मालकांनी तो शब्द फार मनावर घेतलाय. रेल्वेत फिटर होते, उभी नोकरी कुर्डुवाडीला काढली. यंत्र म्हटलं की जगात दोनच माणसं शहाणी, एक हे आणि दुसरा यांचा जुना साहेब. तो साहेब तर कधीच वारला.

मी चौथी शिकलेली. चाळीस वर्षं ब्लाउज शिवले. हेलिकॉप्टरचं वेड लागलं ते लेकीच्या घरचं एक खेळणं आमच्याकडं राहून गेलं त्यावरनं. तळहातापेक्षा जरा मोठं, एकावर एक दोन पंखे असलेलं. आधी हॉलमध्ये उडवलं, मग गच्चीवर. रिमोटवर दोन अंगठ्यांनी चार हालचाली करायच्या असतात, एकीकडं लक्ष दिलं की दुसरी बिघडते. शेजारणी म्हणाल्या, "काकू, तुम्हाला जमतं कसं?" अगं, पाय पायट्यावर, एक हात कापडावर, एक चाकावर, डोळा सुईवर आणि तोंड गिऱ्हाइकाशी, असं आयुष्य गेलं की. त्यापुढं हे काय?

पण आमच्या सोलापूरचा वारा त्या पिटुकल्याला जुमानेना. दोनदा शेजारच्या टाकीवर जाऊन बसलं. शिवाय माझ्या एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलेला, दुसऱ्याचा अजून तसाच. वीस पावलांवर गेलं की त्याची माशी होते, तोंड कुठलं नि शेपूट कुठलं कळत नाही. आणि ते कळलं नाही तर डावं उजवं होतं, संपलंच.

म्हणून मोठं. मोठं लांबून दिसतं, वाऱ्यात घट्ट उभं राहतं. मोबाइलवर व्हिडिओ बघून, कळेल तेवढं वहीत मराठीत उतरवून काढलं. चारशे पन्नासच्या मापाचं येतं, पाचशेचं येतं, सातशेचं येतं; आकडा वाढला की पाती लांब. सातशेचं म्हणजे पाती माझ्या पदराएवढी, ते मला उचलायलाच नको. चारशे पन्नासचं परत वाऱ्यात नाचणार. मधलं पाचशेचं माझं. हे खेळणं नव्हे, हेही वहीत लिहून ठेवलं होतं. पाती फिरताना त्यांचा तिरपेपणा रिमोटनं बदलायचा असतो, आणि फिरत्या पात्यात बोट गेलं तर बोट जातं.

पुण्याच्या एका दुकानात फोन लावला.

"काकू, नातू केवढा आहे?"

"नातवाला न्हाई, मला पायजे."

तो म्हणाला, "घरी काका आहेत का? त्यांना द्या ना जरा."

मालक चार दिवस माझ्याशी बोलत नव्हते. पण फोन असा घेतला, जणू वाटच बघत बसले होते. दोघं खूप हसले. फोन ठेवून मला म्हणाले, "ठरलंय. खऱ्या हेलिकॉप्टरागत कवच हाय, दिवे लागत्यात. आकार बारका. शोभेला लई भारी."

"शोभेला मी साडी घेईन."

"तुला झेपंल तेच सांगितलंय. मोठ्यानं हात तोडून घेशील."

मी त्यांच्यासमोर परत फोन लावला. ते शोभेचं रद्द, म्हटलं, पाचशेचं पाठवा. कवच नको, उघडा सांगाडा. दोन बॅटऱ्या, आणि खालचे पाय जादा. दुकानदार म्हणाला, "काकू, बघा हं, अवघड आहे." म्हटलं, "बाबा, तुझी शाळेची चड्डी माझ्यासारखीनंच शिवली असंल. तेव्हा विचारलंवतं का, बाई, झेपंल का म्हणून?" पैसे माझ्या शिलाईचे, त्यामुळं त्याला पुढं बोलायला जागा उरली नाही.

मालकांना उरली. उडवायचं मैदान गावाबाहेर, मंगळवेढ्याच्या रस्त्याला. प्लॉट पाडलेत, घर एक नाही. तिथवर न्यायला स्कूटर त्यांची. त्यांनी अट घातली. "पयल्या दिशी पडलं तर माळ्यावर. परत नाव काढायचं न्हाई. कबूल?"

"व्हय," मी म्हटलं.

माझी जीभ माझ्या आधी धावते. हे त्यांना पन्नास वर्षांपासून माहीत आहे, त्याचाच ते फायदा घेतात.

हेलिकॉप्टर आलं. काळं, कार्बनची पाती, टोकाला लाल पट्टा. पंधरा दिवस मी त्याला उडवलं नाही, नुसती शिकत होते. मोबाइलवर खोटं हेलिकॉप्टर उडवायचा एक खेळ मिळतो, त्यात शंभरदा तरी पाडलं. दोन्ही पाती वजनाला सारखी लागतात, एक जरा जड असलं तर सगळा सांगाडा थडथडतो. मी ती काढून दोऱ्याला टांगली, हलक्या पात्याला चिकटपट्टीचा तुकडा लावला. कात्रीनं तो तुकडा तीळ तीळ कापत सारखं केलं. परत बसवून टाकली. मालक पेपरमागनं बघत होते.

खंडेनवमीला आमच्यात हत्यारांची पूजा असते. मालक ती पूजा वर्कशॉपच्या थाटात करतात. पाने, हातोडे, छिन्न्या पाटावर मांडायच्या, माझी शिलाई मशीन शेजारी. हळद-कुंकू पाण्यात चांगलं घट्ट कालवायचं, अक्षता घालायच्या, आणि प्रत्येकावर पाच बोटं ओढायची. त्या दिवशी हेलिकॉप्टरही पाटावर होतं. मी अंघोळीला जाताना सांगितलं, "त्येच्या पात्यांना हात लावू नका."

"यंत्राला हळद-कुंकू न्हाई तर काय चहा पाजू?"

मी बाहेर आले तेव्हा सांगाड्याला एक ठिपका होता, वर झेंडूचं फूल. मी म्हटलं, ऐकलं बाई. मनातल्या मनात जरा मऊ झाले त्यांच्याबद्दल. चूक झाली माझी.

दसऱ्याला सकाळी मैदानावर गेलो. मी मागं, मांडीवर खोकं. तिथं बघते तर यांचे कुर्डुवाडीचे दोन जुने मित्र उभे, आणि त्यातल्या एकाच्या हातात पेढ्याचा पुडा.

"वहिनी, ऐकलं हेलिकॉप्टर उडवताय? आम्हाला बसू द्याल का?"

"तुमच्या वजनाला सातशेचं लागंल, भाऊजी."

ते हसले. मालक हसले नाहीत. त्यांनी साक्षीला माणसं आणली होती, हे मला तेव्हा कळलं. अट मोडता येऊ नये म्हणून.

प्लायवूडचा तुकडा मांडला, त्यावर हेलिकॉप्टर ठेवलं, बॅटरी जोडली. वीस पावलं मागं आले. पंखा फिरवला तसा सांगाडा थडथडायला लागला. शेपटी धूसर दिसत होती. माझ्या वहीत ठळक लिहिलंय: थडथडलं की उचलायचं नाही, बंद करायचं, बघायचं. मी बंद करायलाच पाहिजे होतं. तेवढ्यात मालकांचा आवाज आला, "बघा, हात थरथरतोय तिचा."

मी उचललं.

कमरेएवढं वर आलं आणि अंगात आल्यासारखं करायला लागलं. डावीकडं चाललं, मी सावरलं. परत चाललं, परत सावरलं. त्या माणसांच्या अंगावर जाऊ नये एवढंच डोक्यात. मोटर बंद केली. दाणदिशी बसलं, एक पाय मोडला, पाती प्लायवर घासून थांबली.

"पडलं," मालक म्हणाले. मित्रांकडं बघून म्हणाले, माझ्याकडं नाही. "शब्द म्हणजे शब्द."

पुडा सुटला. मी बॅटरी काढली, खाली मातीत बसले आणि पात्यावरनं बोट फिरवलं. एका पात्याच्या टोकाला खरखरीत लागलं. लाल पट्ट्यावर लाल. पाच बोटं, वाळून घट्ट झालेली, त्यात दोन-तीन तांदूळ. अर्धं उडून गेलं असेल, तरी एवढं उरलं होतं. दुसरं पातं साफ होतं, ते भिंतीकडं होतं ना पाटावर.

मी ते पातं त्यांच्या नाकासमोर धरलं. "हे काय?"

"देवाचं नाव घेऊन लावलंय. त्यात वाईट काय?"

पेढा खाणारा मित्र जवळ आला, चष्मा वर करून बघितलं. "अरे, पंख्याच्या पात्याला लावतोस व्हय? ब्लोअरच्या पात्याला कुणी नुसता खडू लावला तरी तू आई-बहीण काढायचास की रे!"

मालक स्कूटरकडं वळले.

मला राग आला तो तेव्हा. कुंकवाचा नाही. न कळणाऱ्या माणसानं लावलं असतं तर मी पुसून टाकलं असतं. पण या माणसानं आयुष्यभर फिरणाऱ्या वस्तूंचा तोल सांभाळला. आणि माझं हेलिकॉप्टर त्याला यंत्र वाटलंच नव्हतं, म्हणून त्याचा हात कचरला नाही. माझी मशीनही पाटावर असते दरवर्षी. तिच्या चाकाला मात्र ते कधी लावत नाहीत, घसरतं म्हणून, हे मला तिथं मातीत बसल्यावर आठवलं.

आणि मी थडथडलेलं उचललं ते कुणामुळं? माझ्यामुळं. एका खवचट वाक्यापुढं पंधरा दिवसांचं शिकलेलं सोडून दिलं. तोही राग होताच, त्याला दुसरा धनी नव्हता.

"पुसा की वहिनी, परत उडवा," मित्र म्हणाला.

"साकु," मी म्हटलं. माझ्या माहेरी अक्कलकोटकडं कानडी बोलतात, फार झालं की माझ्या तोंडून तेच निघतं. पुरे.

घरी येऊन मालकांनी खोकं स्वतः माळ्यावर टाकलं. कुंकवाबद्दल अवाक्षर नाही. मी दुसऱ्या दिवशी स्टुलावर चढून खाली काढलं. "पडशील," म्हणाले. स्टूल धरायला काही आले नाहीत. जादाचा पाय बसवला. पाती धुतली, परत दोऱ्याला टांगली, परत तीळ तीळ चिकटपट्टी कापली. रविवारी मी कोपऱ्यावरनं मैदानापर्यंत रिक्षा ठरवली, जाऊन-येऊन.

रिक्षावाल्यानं खोक्यात डोकावलं. "अम्मा, सच्ची में उडता क्या ये?"

"चल, दिखाती."

पंखा फिरवला. थडथड नाही. शेपटी रेघेसारखी स्वच्छ. गुडघ्याएवढं उचललं, मग कमरेएवढं, मग डोक्याएवढं, आणि तिथं धरलं. वारा होता, तरी डुललं नाही. माझ्या अधू डोळ्यालाही तोंड आणि शेपूट वेगळं दिसत होतं. रिक्षावाला म्हणाला, "वाह अम्मा." मी काही बोलले नाही, बोलले की माझे हात हलतात.

मागं स्कूटर थांबल्याचं ऐकू आलं. वळून बघता येत नव्हतं. चपला मातीत वाजत शेजारी आल्या. म्हणाले, "तोल चांगला साधलाय."

मी शेपटीवरनं नजर काढली नाही.

"दे की जरा."

"न्हाई."

"दोन मिनटं."

"न्हाई म्हटलं की."

बॅटरी संपत आल्याची शिटी वाजली तसं मी हळूच प्लायवर उतरवलं. पाती पूर्ण थांबेपर्यंत रिमोट हातात घट्ट धरून उभी राहिले. ते खोकं उचलायला वाकले, त्यांच्या आधी मी उचललं. ते स्कूटरला किक मारून तसेच बसून राहिले, मागची सीट रिकामी ठेवून.

मी रिक्षात बसले.