केळीवाल्या नानांचा निषेध

चोपड्याकडचे एक केळीवाले नाना धार्मिक चित्रपटांविरुद्धची पत्रकं घेऊन जळगावला आमच्या दैनिकाच्या कचेरीत यायचे. चित्रपट पाहिलेला नसायचा. एकदा येशूवरच्या इंग्रजी चित्रपटाचा निषेध होता. खाली लिहिलं होतं, ‘हा ज्यूंचा कट आहे. त्यांना जिल्ह्यात येऊ देऊ नये.’

“नाना, तुमच्या बागेत ठिबक बसवणारे इस्रायली साहेब ज्यूच ना?” मी विचारलं.

नाना दचकले. पेन मागून त्यांनी ‘एक साहेब वगळून’ असं वर घातलं. “तो देवमानूस शे, भाऊ.”

“आणि बाकीचे?”

“त्यास्ले कोठे देखेल शे मी? म्हनीसनच लिखं!”

आम्ही चित्रपटाचा निषेध छापला, कधी न पाहिलेल्या माणसांच्या कटाचा मजकूर गाळला. दुसऱ्या दिवशी तो का गाळला म्हणून नाना भांडायला आले, ते त्या इस्रायली साहेबांच्याच जीपमध्ये बसून.