पूल येईपर्यंत मूठ सोडू नको

कुडपणला जायचं ठरलं ते एका पत्र्याच्या डब्यामुळे.

मी जामनगरला पितळेच्या कारखान्यात भट्टीवर आहे. त्याआधी सुरत, त्याआधी वापी, त्याआधी दोन-तीन हॉटेलं. एका जागी बूड टिकत नाही माझं. शाळा सातवीत सुटली, त्यामुळे हे फोनवर बोलून लिहितोय, चुकलं तर सांभाळून घ्या. आमच्याकडे वितळवायला भंगार येतं. नळ, बिजागऱ्या, फुटक्या समया, आणि त्यात कधी कधी जुनी नाणी. कमळाचं पितळी वीस पैसे पहिल्यांदा सापडलं तेव्हा मुकादमाला विचारून खिशात टाकलं, आणि तिथून नाद लागला. भारी किमतीचं काही नाही हां. रविवारच्या बाजारात चादर टाकून बसतात ना, त्यांच्याकडून दहा-वीस रुपयाला एक. मला हवी असतात ती फक्त लहानपणी मामाने माझ्या हातावर ठेवलेली. नक्षीच्या कडांचं दहा पैसे, सहा कोनांचं हलकं वीस पैसे, भोकाचा पैसा.

मामाने दिलेली सगळीच्या सगळी मी सावित्री नदीत टाकली होती.

सांगतो कसं ते. मामाचं गाव कुडपण, पोलादपूरच्या वर डोंगरात. आमचं घर शिवथरच्या बाजूला. दर मे महिन्यात मी आईबरोबर मामाकडे जायचो. परत निघताना मामा कमरेची चंची सोडायचा. पानसुपारीच्या कप्प्याशेजारी एक कप्पा नाण्यांचा होता, त्यातून एक काढून माझ्या हातावर ठेवायचा, बोटं मिटवायचा आणि म्हणायचा, "पूल येईपर्यंत मूठ सोडू नको." पोलादपूरहून महाडला येताना सावित्रीचा पूल लागतो. एसटी पुलावर आली की लोक खिडकीतून नदीला नाणं टाकतात. मला वाटायचं, मामा त्यासाठीच देतो. पूल आला की मी मूठ सोडायचो. आई शेजारी डोळे मिटून हात जोडत असायची.

मामा मागच्याच्या मागच्या पावसात गेला. मी गेलो नाही. सुट्टी मिळत नाही म्हणून मामीला फोनवर सांगितलं. खरं तर तेव्हा सुरतेचं काम सोडून मी नुसता बसून होतो आणि तसं तोंड घेऊन जायची लाज वाटली.

गेल्या महिन्यात नाण्यांचा डबा उघडून बसलो होतो. मामाने दिलेल्या सगळ्या जातींची नाणी जमली होती, पण मामाचा हात लागलेलं एकही नव्हतं. चंचीत थोडी उरली असतील, मामीकडून एक मागून घ्यावं, एवढ्यासाठी निघालो.

पहिला दिवस. रेल्वेने पनवेलला उतरलो, तिथून एसटी. महाडपर्यंत पाच तास धरा. रस्ता आता बराच झालाय, पण माणगावात गाडी अडकतेच. महाडच्या स्टँडवर वडापाव खाल्ला. पोलादपूरची गाडी लगेच मिळाली. पूल आता नवीन आहे, रुंद, कळायच्या आत संपतो. पुढच्या सीटवरच्या आजोबांनी रुपया टाकला. मी हात खिशातच ठेवले.

पोलादपूरहून वर जायला एसटीची वेळ सांभाळावी लागते, नाहीतर जीप. साठ रुपये घेतात, पण दहा-बारा माणसं भरल्याशिवाय हलत नाहीत, म्हणून पाणी आणि सबुरी दोन्ही जवळ ठेवा. शिवाय वर गेल्यावर फोनला रेंज नसते. मी ड्रायव्हरच्या शेजारी बसलो.

"कुणाकडं जायचंय?"

मामाचं नाव सांगितलं. त्याने मान वळवून नीट बघितलं.

"नाण्यांचा भाचा तूच काय? अरे, तुझ्या मामानं डोकं खाल्लं होतं आमचं. म्हणायचा, माझ्या भाच्याकडं ठेवा हाय, सगळा संभाळून ठेवलाय त्यानं. पूर्वी चंचीतलं एक नाणं बघायला मागितलं तर देत नव्हता, म्हणे त्याच्यावर भाच्याचं नाव हाय."

मागे एक बाई हसली. "मग आता शेठ झाला असशील रे."

मी पण हसलो. पुढची वळणं, दरी, काही बघितलं नाही. तुम्ही जाल तेव्हा डाव्या बाजूला बसा. डिसेंबरात गवत सोनेरी झालेलं असतं आणि कड्याच्या खाली गावं टिकलीएवढी दिसतात.

मामी अंगणात नाचणी पाखडत होती. मला बघून सूप खाली ठेवलं नाही.

"वाट विसरला नाय म्हणायचा."

"नाय गो मामी."

"दोन पावसाळं गेलं रे दिन्या."

एवढंच बोलली. मग आत जाऊन चूल पेटवली. नाचणीची भाकरी, कुळथाचं पिठलं, सुक्या बोंबलाची चटणी. जेवल्यावर मी चंचीचं काढलं.

"रिकामी हाय ती," मामी म्हणाली. "शेवटचं व्हतं ते पण तुलाच दिलं. तू सातवीत असताना."

"पण मामी, तो मला पुलावर टाकायलाच द्यायचा ना?"

मी असं विचारायला हवं होतं. विचारलं नाही, कारण तीच पुढे बोलायला लागली. "पोलादपूरच्या स्टँडवर तू गोळ्याबिस्किटात घालवशील, म्हणून हे म्हणायचे पूल येईपर्यंत मूठ सोडू नको. पूल आला की घर आलंच. तुझ्याकडं हायत ना सगळी? त्यातलं एक मला दे. हे गेले, आणि घरात त्यांच्यातलं एक पण नाय."

डबा पिशवीतच होता. ओळख पटवायला आणला होता, हे दहा पैसे आठवतं का, असं विचारायला. मी तो तिच्यापुढे उघडला. तिने एकेक नाणं उजेडाकडे धरलं. भोकाचा पैसा हातात आल्यावर थांबली.

"हा माझ्या लग्नातला. रुखवताच्या ताटात व्हता. तुला कधी दिला यांनी? मला बोलले पण नायत."

तो पैसा मी जामनगरच्या बाजारात वीस रुपयाला घेतला होता. तिच्या लग्नातला माझ्या हातून पाण्यात गेला, मी आठ-नऊ वर्षांचा असताना.

"ठेव मामी," मी म्हणालो.

तिने तो चिंचेने घासला, धुतला, देव्हाऱ्यात मामाच्या फोटोपुढे ठेवून हळदकुंकू वाहिलं. "संभाळलास रे," म्हणाली. मी बाहेर जाऊन उरलेली नाचणी पाखडत बसलो. मला पाखडता येत नाही, निम्मी सांडली.

दुसरा दिवस. सकाळी धबधब्याच्या कड्यापर्यंत चालून आलो. पाणी आता धाग्याएवढं उरलंय, पूर बघायचा तर ऑगस्टात जा, पण कडा निसरडा असतो. जीप दहाला सुटली. मामी रस्त्यापर्यंत आली, कनवटीचं पाच रुपयाचं नाणं काढलं, माझ्या हातावर ठेवलं, बोटं मिटवली.

"पूल येईपर्यंत..." म्हणाली आणि तिथेच थांबली. जीपवाल्याने हॉर्न वाजवला.

पोलादपूरला एसटीत शेजारी एक मावशी होत्या. पुलावर गाडी आली तशी त्यांनी पदराची गाठ सोडून रुपया टाकला आणि माझ्या मुठीकडे बघितलं.

"टाक की रे. हातात घेऊनच बसलायस कवापासून."

"हे टाकायचं नाय मावशी."

"मग कशाला धरलंयस?"

महाडच्या स्टँडवर उतरेपर्यंत मूठ तशीच होती, तिकीट डाव्या हाताने काढलं.

जामनगरला येऊन तीन आठवडे झाले. जाऊन-येऊन अडीच हजारात काम झालं, कुणाला जायचं असेल तर एवढे धरा. मामी घाटाच्या तोंडाशी रेंजमध्ये आली की फोन करते. परवा म्हणाली, रोज त्या पैशासमोर दिवा लावते. मी म्हणालो, बरं. खरं सांगायचं म्हणून दोनदा फोन लावला होता, दोन्ही वेळा लागला नाही, आणि न लागल्याचं मला बरं वाटलं.

डब्यात आता पाचाचं नाणं वेगळ्या कागदात आहे. बाकीची मी विकत आणलेली.

तुम्ही त्या रस्त्याने गेलात तर पुलावर नदीला जरूर नाणं टाका, सगळेच टाकतात. फक्त ते तुमच्या खिशातलं असू दे. कुणी हातावर ठेवलेलं टाकू नका.