धुमालवाल्याची झोपेची धून

कारंजा घाडग्यात निकेश ज्यात वाजवतो ती धुमाल पार्टी वरातीत उतरली, की रुसून बसलेले मामाजीही नाचायला येतात. धुमाल म्हणजे गाडीवर चढवलेले भोंगे, खाली ताशे, आणि सगळ्यांच्या वर चढून बोलणारा निकेशचा कीबोर्ड. त्याची हातोटी साधी आहे. तो नाचणाऱ्यांच्या तोंडाकडे पाहतच नाही, पायांकडे पाहतो. पाय ढिले पडले की चाल बदलायची. तरी ढिलेच राहिले, तर सगळं एकदम बंद करायचं आणि लोक ओरडले की दणका द्यायचा. अशा माणसाने झोप आणणारं संगीत करायला घ्यावं, म्हणजे हलवायाने मधुमेहाचा दवाखाना काढावा तसंच झालं.

पण गरज घरातलीच होती. बायको सपना आर्वीच्या एका खाजगी दवाखान्यात नर्स आहे. जागा मिळाली ती रात्रपाळीची, आणि दुसरी मिळण्याची आशा नाही. काम तिला जिवापाड आवडायचं. बाळंतिणी तिच्याच नावाने हाका मारायच्या. पण सकाळी घरी येऊन पडली, की हायवेवरचे ट्रक आणि गल्लीतले भाजीवाले तिचा डोळा लागू देत नसत. उन्हाळा कसाबसा निघाला, कूलरच्या घरघरीत ते आवाज बुडायचे. पावसाळ्याच्या दमट हवेत कूलर बंद झाला आणि झोपही गेली. मग एकदा सलाइन लावता लावता तिला डुलकी आली.

"आता मी नोकरी सोडून देते," ती म्हणाली. "कोणाच्या जिवाशी खेळ नाई कराचा मले."

एवढं बोलून ती रडली. लग्नसराई संपलेली, निकेशचे हात रिकामेच होते. मोबाइलवर झोपेच्या एका डॉक्टरांची भाषणं त्याने पुन्हा पुन्हा ऐकली. गाढ झोपेत मेंदूच्या लहरी मोठ्या आणि संथ होतात, श्वास लांबतो. पुढे काय येणार याची उत्सुकता लागली, की मेंदू पहारा द्यायला बसतो. म्हणून झोपेच्या संगीताला चाल नको, ठेका नको, दचकवणारं काही तर मुळीच नको. म्हणजे निकेशला जे जे येत होतं, ते सगळंच नको!

"लोकं झोपवाले कोण बोलावते बे तुले?" पार्टीचे मालक रामाजी हसले. पण निकेश हट्टाला पेटला होता. त्याने कूलरची घरघर रेकॉर्ड केली, ती खालच्या पट्टीत ओढली आणि तिच्यावर कीबोर्डचे लांबलचक सूर पसरले. सूर श्वासासारखे वर चढायचे, उतरायचे. सपना आली की दार लोटून तो तिच्या पायथ्याशी कीबोर्ड घेऊन बसे.

आणि जन्माची सवय कुठे जाते! नजर तिच्या पायांवर. बोट हललं, की हा सूर बदलायचा. तरी हललं, की दुसरा लावायचा. हळूहळू सपना लवकर निश्चल होऊ लागली. हात छातीवर, पाय सरळ, चेहरा शांत. निकेशची छाती फुगली. रामाजींना त्याने पेढाही खाऊ घातला.

मग एका सकाळी सपनाचा फोन आला. "मी कोंढाळीले हाओ. बसमधी झोप लागली, कारंजा कवा गेलं समजलंच नाई."

निकेश मोटरसायकल काढून धावला. घरी तर ही झोपते, मग बसमध्ये एवढी झोप कशी? स्टँडवर चहा पिताना त्याने सरळ विचारलंच. सपनाने मान खाली घातली.

"मी घरी झोपतच नव्हते. तुमी एवढी मेहनत करून राह्यले, म्हनून डोये मिटून पडत होते. तुमी टक लावून पाह्यता, सूर बदलवता. मग वाटते, आता झोपलंच पाह्यजे. त्यानं येनारी झोपबी पयते."

निकेशला वाईट वाटलं, पेढ्याची आठवण होऊन लाजही वाटली. मग त्याला हसू फुटलं. डॉक्टर भाषणात तेच सांगत होते आणि हा घरात वरात काढून बसला होता.

त्याने ती चीज नव्याने बांधली. यात काहीच बदलत नव्हतं. एकच सूर चढायचा, उतरायचा आणि दर खेपेला थोडा रेंगाळायचा. दुसऱ्या सकाळी त्याने ती स्पीकरवर लावली, कीबोर्ड पेटीत बंद केला आणि तिच्याकडे पाहायचा मोह नको म्हणून खाली चटईवर भिंतीकडे तोंड करून पडला.

जाग आली ती फोन वाजल्याने. उन्हं उतरली होती. सपनाचा फोन उशाशीच खणखणत होता आणि ती हलली नाही. तोंड उघडं, केस विस्कटलेले, उशीवर लाळेचा ओघळ. निकेशला इतका आनंद झाला, की तेवढा कोणत्याच वरातीत झाला नसेल. त्याने फोन उचलून हळूच बंद केला.

ती उठली तेव्हा डोळे हलके झाले होते. "मस्त जमलं हो!" ती म्हणाली. "आखरीले का वाजते त्याच्यात?"

"मले का मालूम?" निकेश म्हणाला. "मी तर तुयाबी पयले घोरून राह्यलो होतो."

सपना हसत हसत ड्युटीचा डबा भरायला उठली. नोकरी सोडायची गोष्ट त्या घरात पुन्हा निघाली नाही.