घरी कसं सांगशील?

मोबाइल बाकाच्या मधोमध ठेवायची, स्पीकर लावायची आणि समोरच्याला म्हणायची, "हां. आता घरी सांग." एवढं म्हणून ती मागच्या भिंतीला टेकून उभी राहायची. पुढचं काही तिच्या हातात नसायचं, आणि तिला तेच हवं असायचं.

परभणीच्या एका मॅनेजमेंट कॉलेजात मी मार्केटिंग शिकवतो. ती एमबीएच्या शेवटच्या वर्षाला होती. राणीसावरगावची, घरी थोडी कोरडवाहू शेती, एकुलती एक. तिनं 'जबाबदार करिअर मंडळ' नावाचं विद्यार्थ्यांचं मंडळ काढलं. बाकीची पोरं त्याला साधूंचा अड्डा म्हणायची. मंडळाला कागदोपत्री मार्गदर्शक लागतो म्हणून माझं नाव घातलं होतं. माझं मार्गदर्शन म्हणजे शनिवारी दुपारी वर्गाची किल्ली आणून द्यायची आणि कोपऱ्यात बसून चहा प्यायचा.

नोकरी करायची, पण कुणाचा तळतळाट घेऊन नाही, एवढंच मंडळाचं म्हणणं. आता हे ओळखायचं कसं? मोठ्या शहरांत यावर व्याख्यानं होतात म्हणे. हिनं एकच नियम केला. नोकरी मिळाली की होकार द्यायच्या आधी मंडळासमोर घरी फोन लावायचा आणि आपल्याला तिथं नेमकं काय करावं लागणार ते घरच्या भाषेत सांगायचं. मधे 'टार्गेट' किंवा 'क्लायंट' आलं की ती भिंतीवर टिचकी मारायची. घरच्यांना सांगताना जीभ अडखळली नाही, तर नोकरी घ्यायला हरकत नाही. तुम्ही कधी करून पाहा. आपण दिवसभर काय करतो ते आईला सांगताना भल्याभल्यांना घाम फुटतो.

जिंतूरच्या एका पोराला ऑनलाइन शिकवण्या विकणाऱ्या कंपनीत नोकरी लागली होती. त्यानं आईला फोन लावला. "लोकांना फोन करायचा आन् तुमच्या पोराला क्लास लावा म्हणायचं."

"आन् त्यांनी न्हाई म्हणलं तर?" आईनं विचारलं.

"मंग परत करायचा."

"कवर?"

"लावीपर्यंत."

आई म्हणाली, "मंग तुला शिव्या देत न्हाईत का रे लोकं?" वर्ग खो खो हसला. पोरगं मात्र कानापर्यंत लाल झालं. त्यानं ती नोकरी नाकारली आणि पुढे एका दूध संकलन केंद्रावर लागला. तिथला फोन मात्र त्यानं छाती काढून केला होता.

प्राचार्यांना हे अजिबात आवडत नव्हतं. "तुमच्या त्या पोरीला आवरा," ते मला म्हणाले. "इथं कंपन्या येत नाहीत म्हणून आम्ही रडायलोय, आणि ही आलेल्यांना पळवून लावायलीय." मी तिला निरोप दिला. ती म्हणाली, "सर, आमी कंपनीला काहीच इचारत न्हाई. आमी आमच्याच घरी फोन करायलोत." मला ती फार आवडायची, हे सरळच सांगतो. शिकवताना समोर असं एखादं माणूस बसलेलं असलं की आपण उगाच खोटं बोलत नाही.

पण तिच्या स्वतःच्या डोक्यावर टांगती तलवार होती. जिंतूरच्या एका कापूस व्यापाऱ्याच्या मुलाचं स्थळ घरी जवळजवळ ठरलं होतं. तिचे वडील वाईट नव्हते. त्यांनी मुदत दिली होती. परीक्षा संपायच्या आत नोकरी लागली तर लग्नाचं पुढे बघू, नाही लागली तर होकार कळवून टाकू. मंडळातल्या सगळ्यांना हे माहीत होतं. परीक्षा जवळ येत चालली, मंडळातले एकेक जण नोकरीला लागत चालले, आणि ही दर शनिवारी दुसऱ्यांचे फोन लावून देत होती.

शेवटी पीकविम्याची एक कंपनी आली. तालुक्यात फिरून नुकसानीचे पंचनामे करायला माणूस हवा होता, जागा एकच. तिची निवड झाली. कंपनीच्या साहेबांनी त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत उत्तर मागितलं. नेमणूक गंगाखेड तालुक्यात, म्हणजे तिच्याच गावाकडं. तिनं साहेबांना विचारलं, "माझं गाव सोडून दुसरा तालुका मिळंल का?" साहेब म्हणाले, "अहो, तुम्ही तिथल्या आहात म्हणूनच तर घेतोय."

दुपारी सगळे वर्गात जमले. या वेळी बाकासमोर ती बसली होती आणि भिंतीपाशी कुणीच नव्हतं. फोन बराच वेळ वाजत राहिला. तिकडून वडिलांचा आवाज आला, "बोल, बाई."

"अप्पा, नोकरी मिळायलीय. पण काम काय हाय ते आधी ऐका. पाण्यानं पीक गेलं की लोकं कंपनीला कळवत्यात. मी जाऊन बघायचं. कुणाचं नियमात बसतं, कुणाचं बसत न्हाई ते ल्याहायचं. लय जणांचं बसत न्हाई, अप्पा. त्यांना तोंडावर न्हाई म्हणायचं. आपल्याच लोकांना."

ती एकदाही अडखळली नाही. इतकं उघडंवाघडं करून कुणी नोकरी सांगितल्याचं मी ऐकलं नव्हतं. वडील नको म्हणतील, या आशेवरच ती बोलत होती असं मला वाटलं. ते नको म्हणाले असते तर निदान या कामातून तिची सुटका झाली असती.

"घे की मंग," वडील खुशीत म्हणाले. "लय ब्येस. तू असल्यावर आपलं तरी हुईल."

फोन बंद झाला. एक मुलगी हळूच म्हणाली, "ताई, पास झालात." ती उठली नाही. माझ्याकडे बघून म्हणाली, "अप्पांनी हो म्हणलं, सर. पण भलत्याच गोष्टीला हो म्हणलं." नियम तिचाच होता आणि ती त्यात उत्तीर्ण झाली होती. संध्याकाळी तिनं होकार कळवला. जिंतूरचं स्थळ मागं पडलं. परीक्षा झाल्यावर ती गंगाखेडला रुजू झाली. त्यानंतर ती मला भेटली नाही.

पुढचं मला तिच्या वडिलांकडून कळलं. दिवाळी होऊन गेल्यावर एका सकाळी ते कॉलेजात माझ्या खोलीच्या दाराशी येऊन उभे राहिले. पांढरा सदरा, टोपी हातात. आवाजावरून मी लगेच ओळखलं. चहा घेतला आणि बोलायला लागले.

"यंदा आमच्याकडं सोयाबीन पाण्यात गेलं, सर. वड्याचं पाणी वावरात शिरलं. शेजारच्यांनी लगेच कंपनीला कळवलं. मला म्हणले, तुमीबी कळवा. म्या हसलो. म्हणलं, तुमी करा फोन. माझी कंपनी तर घरातच हाय."

ठरलेल्या मुदतीत कळवलं नाही तर विमा मिळत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. पण पोटच्या पोरीला कसलं कळवायचं? ती तेव्हा तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला होती, वाटा बंद होत्या. ती राणीसावरगावला पोचली तोवर मुदत टळली होती. तिनं शेजाऱ्यांचे पंचनामे केले आणि शेवटी वडिलांच्या वावरात आली. बांधावर निम्मं गाव गोळा झालेलं.

"मला म्हणली, 'अप्पा, कळवलंत का?' म्या म्हणलं, तुला काय कळवायचं, समोर दिसायलंय की. तिचं तोंडच उतरलं. शेजारी म्हणला, बाई, आता अर्ज घे आन् त्याच्यावर मागची तारीख टाक, आमी कुणी बोलत न्हाई. सगळे म्हणले, टाक. खरंच कुणी बोललं नसतं, सर."

म्हाताऱ्यानं टोपी गुडघ्यावर ठेवली, परत उचलली.

"ती बांधावर बसली. मलाबी हात धरून बसवलं. म्हणली, 'अप्पा, तुमचं हुत न्हाई.' कामून हुत न्हाई तेबी सांगितलं. समदं समजलं मला. म्या उठून चालता झालो, तिच्याकडं बघितलंबी न्हाई. ती घरी आली न्हाई. दिवाळीलाबी आली न्हाई. आता तिनं जिंतूरला बदली मागून घेतलीय. तिची आई रोज जेवताना माझ्याकडं बघती."

त्यांना तिच्या खोलीचा पत्ता हवा होता. दूध केंद्रावरच्या त्याच पोरानं तिला जिंतुरात खोली बघून दिली होती, म्हणून मला ठिकाण माहीत होतं. त्यांना एकट्याला पाठवणं जिवावर आलं. दोघं एसटीनं निघालो. जिंतूर जवळ आलं तसे ते सारखे सदऱ्याची बटणं चाचपत होते. बापलेक समोरासमोर आले तर आपण कुठं बघायचं, याचा मी विचार करत होतो.

खोलीला कुलूप होतं. घरमालकीण म्हणाली, "ताई पंचनाम्याला गेल्यात. यायचा काही नेम नसतो बगा." आम्ही पायरीवर बसलो. दुपार कलली, घरमालकिणीनं दोनदा पाणी आणून दिलं, ती काही आली नाही. परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ झाली तेव्हा वडील उठले आणि घरमालकिणीला म्हणाले, "तिला सांगा, अप्पा येऊन गेले. राग न्हाई म्हणावं."

दोन पावलं चालले आणि परत वळले. "आन् सांगा, तिच्या जागी मी असतो तर मीबी न्हाईच म्हणलो असतो."

घरमालकिणीनं मान हलवली. ते तिथंच उभे राहिले. गाडी चुकेल म्हणून मी त्यांच्या दंडाला हात लावला.

"न्हाई," ते म्हणाले. "ते शेवटचं नका सांगू. खोटं हाय ते."